कोच पाहिजे, मूळ प्रतींसह

प्रिय इरा आणि निहार,

गेल्या महिन्यात व्हिडिओ कॉलवर इरा फुरंगटून बसली होती. शाळेच्या बास्केटबॉल संघाला नवा कोच आला आणि तो निवडताना मुलींना कोणी विचारलंसुद्धा नाही, ही तक्रार. "आजी, कोच निवडतं तरी कोण?" असं तू विचारलंस, आणि मी तोंड उघडणार तेवढ्यात तुमच्याकडे जेवणाची हाक आली. तुमचं रात्रीचं जेवण म्हणजे माझी दुपारची वामकुक्षी. उत्तर राहून गेलं.

त्याच आठवड्यात इथल्या एका दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला. "मॅडम, नोकरीतल्या आठवणी लिहा. पण जन्मापासून नको." एका बैठकीत दोन कामं होत असतील तर करून टाकावीत, हा माझा जुना नियम. म्हणून हे तुम्हाला लिहिलेलं पत्र अंकात छापून येईल आणि तुमची आई ते तुम्हाला मोठ्याने वाचून दाखवेल. एखादा शब्द अडला तर तिला विचारा. तिलाही अडला तर मला फोन करा, आणि तिला अडला हे आधी सांगा.

मी नाशिकच्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवलं आणि शेवटची बरीच वर्षं उपप्राचार्य होते. उपप्राचार्य काय करतात हे बाहेरच्या माणसाला सांगणं कठीण आहे. प्राचार्य भाषण करतात, शिपाई घंटा देतो आणि या दोघांच्या मधलं जे काही उरतं ते उपप्राचार्य करतात. मुख्यतः सह्या. रजेच्या अर्जावर सही, बोनाफाइडवर सही, पंखा बंद आहे या तक्रारीवर सही, पंखा चालू झाला या पत्रावर सही. आणि हजेरी. पंचाहत्तर टक्के हजेरी नसेल तर त्या विद्यार्थ्याचं नाव फलकावर लागतं, त्याची टर्म नामंजूर होते. ती यादी मी करायचे. त्यामुळे कॉलेजात माझ्यावर फार लोकांचं प्रेम नव्हतं, पण माझ्या फाइलींबद्दल सगळ्यांना आदर होता.

माझ्या फाइली अशा: प्रत्येक वर्षाची वेगळी, आत आडनावाप्रमाणे अ पासून ज्ञ पर्यंत कप्पे. आलेला प्रत्येक कागद त्याच दिवशी कप्प्यात. कोपऱ्यात पेन्सिलीने 'मिळाले' आणि माझी छोटी सही. कोणी हुज्जत घालायला लागलं की मी फाइल काढून टेबलावर ठेवायचे. फाइल उघडायच्या आतच माणसं गप्प होत.

एकदाच नाही झाली. निफाडकडचा एक मुलगा आजी वारली म्हणून रजा घ्यायचा. ती एका वर्षात दोनदा वारली होती. तिसऱ्या अर्जाला मी मागचे दोन जोडले, मंजूर केला आणि त्याच्या घरी व्यवस्थित शोकपत्र टाकलं. आठवड्याने नऊवारी नेसलेल्या एक बाई ते पत्र हातात घेऊन माझ्यासमोर बसल्या.

"हे तुम्ही लिहिलंय?"

"हो. आपण?"

"मी मेलेली. नातू वाचून दाखवंना, मग शेजारणीच्या सुनेकडून वाचून घेतलं. म्हटलं, आपल्याबद्दल एवढं चांगलं कोण लिहितंय, जाऊन बघावं."

त्यांनी चहा घेतला आणि जाताना पत्र परत द्यायला नकार दिला. "ऱ्हाऊ द्या. पुढं लागंल."

हे सांगायचं कारण एवढंच की कागद बोलतो तेच खरं, असं मला फार वर्षं वाटत होतं, आणि माणूस समोर येऊन बसला तरी मी कागदाकडेच आधी बघत असे. आता कोचकडे वळते.

आमच्या कॉलेजात खेळाचे सर एकच, भोसले सर. पगार एकाच कामाचा, पण मैदान आखणं, चेंडूत हवा भरणं आणि मुलींच्या बास्केटबॉल संघाला शिकवणं, सगळं तेच करत. ते निवृत्त झाले आणि ती सरकारी जागा भरायला परवानगी येईना. चार महिने संघाला कोणीच नव्हतं. बारा मुली होत्या, त्यातल्या एकेक गळायला लागल्या. कोणी क्लास लावला, कोणाला घरून आडकाठी झाली. सात उरल्या. बास्केटबॉल पाच जणींचा खेळ आहे हे इराला माहीत आहेच, अंकाच्या वाचकांसाठी सांगते. सातातल्या आणखी तीन गेल्या की संघच उरला नसता.

कर्णधार होती वैष्णवी, सायखेड्याची. रोज पहाटेच्या एसटीने यायची. एक दिवस ती माझ्या टेबलासमोर येऊन उभी राहिली.

"मॅडम, महिन्याअखेर स्पर्धेची एंट्री जाणार. कोचची सही लागते."

"मी बघते."

"मागच्या महिन्यात पण तुम्ही बघत होता."

मग मात्र मी खरंच बघितलं. संस्थेने तात्पुरता कोच नेमावा असं ठरलं आणि निवड समिती झाली: प्राचार्य, मी आणि संस्थेचे विश्वस्त अण्णासाहेब. अण्णासाहेबांची सायखेड्याला द्राक्षबाग. बास्केटबॉलबद्दल त्यांचं म्हणणं एवढंच होतं की टोपलीला बूड नसताना तिच्यात माल टाकत राहणं त्यांच्या बुद्धीला पटत नाही. जाहिरात मी लिहिली. शेवटचं वाक्य माझ्या प्रत्येक जाहिरातीचं शेवटचं वाक्य असे: 'मूळ प्रतींसह समक्ष हजर राहावे.'

आणि मी कोष्टक आखलं. पट्टी घेऊन, दोन रंगांच्या शाईत, एकूण शंभर गुण. शिक्षण आणि प्रमाणपत्रं, शिकवण्याचा अनुभव, मुलाखत, मैदानावर मुलींबरोबर अर्ध्या तासाचं प्रात्यक्षिक. आणि एक रकाना वीस गुणांचा: उमेदवार स्वतः विद्यापीठाच्या संघातून खेळला आहे का? हो असेल तर वीस, नाही तर शून्य. मधलं काही नाही. मला तो रकाना विशेष आवडला होता. त्यात कोणाची मर्जी चालणार नव्हती.

अर्ज तीन आले. दोन मी नीट वाचले. तिसऱ्यावर नाव होतं, 'शाहीन रफिक मन्सूरी (पिंजारी)', आणि तो वाचायच्या आधी मी उठून पाणी प्यायले.

शाहीन आमचीच विद्यार्थिनी. सात-आठ वर्षांपूर्वीची. तिच्या वडिलांचं, रफिकभाईंचं, गाद्यांचं दुकान. ती पहिल्या वर्षाला असताना एक मुलगी धावत जाऊन बास्केटच्या लोखंडी खांबावर आदळली आणि कपाळाला टाके पडले. दुसऱ्या दिवशी रफिकभाई स्कूटरवर कापूस आणि पट्ट्यापट्ट्यांचं गादीचं कापड घेऊन हजर. खांबांना गादी शिवतो म्हणाले, मुलींसाठी, फुकट. मी त्यांना सांगितलं की नियमाप्रमाणे तीन कोटेशनं लागतील.

त्यांनी कोर्टाकडे बघितलं. "मॅडम, खांब तर दोनच आहेत. कोटेशनं तीन कशाला?"

फुकट कामाला कोटेशन कसं मागायचं याचा नियम मला सापडेपर्यंत त्यांनी स्टुलावर चढून, दाभणाने टाके घालून एक खांब पुरा केलाही होता. मग मी दुसऱ्यालाही हो म्हटलं, पण लेखी.

शाहीन खेळायला फार चांगली होती. शेवटच्या वर्षी ती विद्यापीठाच्या संघात जाणार असं भोसले सर सगळ्यांना सांगत सुटले होते. त्या सत्रात तिची हजेरी कमी भरली. सामन्यांसाठी बाहेर गेलेले दिवस हजेरीत धरतात, पण त्यासाठी खेळाच्या सरांची चिठ्ठी लागते. भोसले सर म्हणाले, चिठ्ठी दिली आहे. शाहीनने तिची झेरॉक्स आणून दाखवली. झेरॉक्स मी वाचतच नसे. म्हटलं, मूळ प्रत आणा. ती म्हणाली, मूळ तुमच्याकडेच आलीय, मॅडम. मग मी ते केलं जे मी नेहमी करायचे. फाइल काढली, दोघांसमोर उघडली. पवार, पाटील, पिंजारी. पिंजारीच्या कप्प्यात काही नव्हतं. दोघं गप्प झाले. तिचं नाव फलकावर लागलं, टर्म नामंजूर झाली, आणि टर्म नामंजूर असलेल्या मुलीला खेळता येत नाही. विद्यापीठाची निवड चाचणी त्याच सत्रात होती.

ती रडली वगैरे नाही. जाताना दार हळू लावलं. तेवढं लक्षात राहिलं.

पुढच्या वर्षी ती परीक्षा देऊन पास झाली, नंतर शारीरिक शिक्षणाची पदवी घेतली, आणि आता चार वर्षं इंदिरानगरच्या एका शाळेच्या मैदानावर सकाळी लहान मुलींना शिकवत होती. हे सगळं अर्जात लिहिलं होतं, स्वच्छ अक्षरात. वीस गुणांच्या रकान्यासमोर तिने लिहिलं होतं, 'नाही'.

मुलाखतीच्या दिवशी पहिले आले चांदवडचे पवार सर. निवृत्त फौजी, मिशा टोकदार, सोबत अर्धं पोतं कांदे.

"घरचे हायेत," म्हणाले.

समितीला भेटवस्तू घेता येत नाही, असं मी सांगितलं. ते म्हणाले, ही वस्तू नाही, कांदा आहे. प्राचार्य माझ्याकडे बघायला लागले, मी नियमांच्या पुस्तकाकडे, आणि तेवढ्यात कँटीनवाल्याने आपल्यासाठीच आलेत असं समजून त्यातले सहा चिरले. त्या दिवशी समितीने जे पोहे खाल्ले ते त्याच कांद्यांचे. उरलेल्या पोत्याची मी सरांना हॉस्टेलच्या मेसच्या नावे पोच दिली. ती त्यांनी घडी करून खिशात ठेवली. एवढी शिस्त त्यांनाही आवडली असावी.

कोर्टावर त्यांनी मुलींना अर्धा तास पळवलं. चेंडूला हात लावू दिला नाही. "बास्केटबॉल नंतर," ते म्हणाले. "आधी शिस्त." वैष्णवीने विचारलं, नंतर म्हणजे कधी. ते म्हणाले, तिसऱ्या महिन्यात. स्पर्धा दुसऱ्या महिन्यात होती.

दुसरे पुण्याचे कौस्तुभ सर. तरुण, हसरे, लॅपटॉप घेऊन आलेले. विद्यापीठाकडून खेळलेले, प्रमाणपत्रं सगळी मूळ, सगळी प्लास्टिकच्या पाकिटात. इंग्रजी इतकं सुंदर की मी मुलाखतीचे गुण देताना स्वतःला आवरलं. प्रात्यक्षिकाला ते मुलींना सेमिनार हॉलमध्ये घेऊन गेले आणि पडद्यावर संघाची पुढच्या तीन वर्षांची वाटचाल दाखवली. बाण होते, वर्तुळं होती. मग शेवटची दहा मिनिटं कोर्टावर. तीही चांगली घेतली, खोटं कशाला बोलू. माणूस जाणता होता.

अण्णासाहेब गाडीत बसून काच खाली करून सगळं बघत होते. मला वाटलं ते झोपलेत.

तिसरी शाहीन. केस घट्ट बांधलेले, गळ्यात शिट्टी. समितीसमोर बसली आणि मी काही म्हणायच्या आत तिने फाइल माझ्याकडे सरकवली.

"सगळ्या मूळ प्रती आहेत, मॅडम."

प्राचार्यांना यात काही वावगं वाटलं नाही. मला चष्मा पुसावा लागला.

मुलाखतीत मी तिला विचारलं, सात मुलींचा संघ कसा बांधणार. ती म्हणाली, "आधी त्या सात आहेत हे त्यांना विसरायला लावणार."

कोर्टावर तिने मुलींना गोल उभं केलं. नाव, गाव, आज काय खाऊन आलात. तीन जणी उपाशी निघाल्या. त्यांना तिने आपल्या पिशवीतली चिक्की दिली.

"सरावाला जोड्या लागतात आणि तुम्ही सात," ती म्हणाली. "मी आठवी. चार-चार खेळू. वैष्णवी, तू माझ्यावर. सोडायचं नाही मला."

"सोडत नाय, ताई."

"बघू."

वैष्णवीने खरंच सोडलं नाही. शेवटी शाहीन तिला हुलकावणी द्यायला गेली आणि पूर्ण वेगात खांबावर धडकली. आम्ही सगळे उभे राहिलो. ती गादीवर आपटून परत आली, हसली आणि गादीवर थाप मारून म्हणाली, "अब्बांचं काम आहे. चालतंय अजून."

प्रात्यक्षिकाचे पूर्ण गुण मी तिला दिले. तरी बेरीज केली तेव्हा कौस्तुभ सर पहिले आणि शाहीन अकरा गुणांनी मागे. वीसच्या रकान्यात शून्य. मी बेरीज तीनदा केली.

प्राचार्य म्हणाले, "मग स्पष्टच आहे."

स्पष्टच होतं. पण तिच्या अर्जावरची ती दोन आडनावं मला सकाळपासून टोचत होती. मन्सूरी, कंसात पिंजारी. मी म्हटलं, मला दहा मिनिटं द्या, आणि माझ्या खोलीत जाऊन कपाट उघडलं. मी कागद टाकत नाही. त्या वर्षाची फाइल खालच्या फळीवर होती. प चा कप्पा बघायचं कारण नव्हतं, तो मी तेव्हाच बघितला होता. मी म उघडला.

माळी, मोरे यांच्या आधी, अगदी जागच्या जागी, भोसले सरांच्या अक्षरातली चिठ्ठी: 'कु. शाहीन मन्सूरी ही खेळाडू सामन्यांसाठी बाहेरगावी होती.' मूळ प्रत. कोपऱ्यात पेन्सिलीने 'मिळाले' आणि माझी छोटी सही.

तिच्या वडिलांच्या दुकानावर मन्सूरी लिहिलेलं, तिच्या जर्सीवर मन्सूरी, म्हणून भोसले सरांनी मन्सूरी लिहिलं. कॉलेजच्या दाखल्यावर पिंजारी, म्हणून मी पिंजारी शोधलं. त्यांच्या समाजातल्या पुष्कळ घरांत ही दोन्ही आडनावं चालतात, हे मला नाशिकमध्ये जन्म काढून माहीत नव्हतं. चाळीस चिठ्ठ्यांच्या गठ्ठ्यातली ती एक. मी पहिलं नाव न वाचता आडनाव बघून कप्प्यात टाकली असणार. अव्यवस्थित बाई असते तर तो कागद टेबलावर कुठेतरी पडलेला सापडला असता. माझ्या व्यवस्थितपणामुळे तो सात वर्षं हरवला होता.

मी चिठ्ठी समितीपुढे ठेवली आणि काय झालं ते सांगितलं.

प्राचार्यांनी कपाळाला हात लावला. "मॅडम, तरीसुद्धा ती विद्यापीठाकडून खेळलेली नाही. रकाना काय म्हणतो..."

"रकाना शून्यच म्हणतो," मी म्हटलं. "मी गुण बदलायला सांगत नाहीये. ते शून्य माझ्या हातचं आहे, एवढं तुम्हाला माहीत असावं. आणि म्हणून मी आता या निर्णयात बसणं बरोबर नाही."

अण्णासाहेबांनी पोह्यांची बशी बाजूला केली. "बाई, तुम्हाला आतापर्यंत लोकांनाच बाहेर काढताना बघितलं होतं. स्वतःला काढताना पहिल्यांदा बघतोय."

मी बाहेर जाऊन कोर्टाच्या पायरीवर बसले. हातात चिठ्ठी होती. शाहीन निकालासाठी थांबली होती. मुलींना फ्री थ्रो शिकवत होती, नेमणूक होवो न होवो. मला बघून आली. वयाने मोठं माणूस पायरीवर बसलंय म्हणून ती एक पायरी खाली बसली. मी चिठ्ठी तिच्या हातात दिली.

तिने वाचली. उलटून बघितली. पेन्सिलीची सही बघितली.

"म मध्ये होती?" तिने विचारलं.

"म मध्ये."

मी माफी मागितली. इंग्रजीत एम.ए. केलेल्या बाईला त्या वेळी कुठल्याच भाषेत धड वाक्य सुचलं नाही, पण मागितली.

"अब्बा म्हणाले होते, मॅडम खोटं बोलणार नाहीत, बघ कुठेतरी असेल," ती म्हणाली. "मी त्यांच्याशी दोन दिवस बोलले नव्हते." मग चिठ्ठी माझ्या हातात परत देत म्हणाली, "मूळ प्रत तुमच्याकडेच राहू द्या, मॅडम. मला झेरॉक्स चालेल."

मुलांनो, मला आयुष्यात बऱ्याच लोकांनी बोलून दाखवलंय. मोर्चे आलेत, एका पालकांनी टेबलावर नारळ फोडलाय. इतकं नेमकं कोणाचंच लागलं नाही. आणि ती ते हसत म्हणाली, त्यामुळे मला रागावताही आलं नाही.

तेवढ्यात वैष्णवी चेंडू काखेत धरून आली. "मॅडम, आम्हाला विचारणार का?"

"कोष्टकात तसा रकाना नाही."

"नाय विचारलं तरी सांगते. पवार सर आले तर आम्ही पळू. पुण्याचे सर आले तर आम्ही बघू. ह्या आल्या तर आम्ही खेळू." आणि परत गेली.

इरा, तुझी तक्रार ऐकली तेव्हा मला हीच आठवली. तिघांना मोजायला मी शंभर गुण वाटले होते, आणि ज्यांना शिकायचं होतं त्यांना त्यातला एकही दिला नव्हता.

अर्ध्या तासाने आत बोलावलं. अण्णासाहेबच बोलले.

"पुण्याचा पोरगा हुशार हाय. पण अर्ध्या तासात त्यानं एका पोरीला नावानं हाक मारली नाय. मी गाडीतून ऐकत होतो. हिला सातच्या सात नावं पाठ. माझ्या बागंत छाटणीला माणूस ठेवताना मी सर्टिफिकेट बघत नाय, तो आधी वेलीकडं बघतो का माझ्याकडं, ते बघतो."

प्राचार्य म्हणाले, कमी गुणांच्या उमेदवाराला घेता येतं, पण कारण इतिवृत्तात नोंदवावं लागतं. इतिवृत्त म्हणजे बैठकीत काय ठरलं त्याची कायमची वही. ते आमच्याकडे इंग्रजीत लिहायची पद्धत होती, आणि इंग्रजीत लिहायला कोण, तर मी. निर्णयातून बाहेर पडलेल्या बाईला त्याच निर्णयाचं कारण लिहायला परत बोलावलं होतं. संस्थांमध्ये असंच असतं.

मी दोन कारणं लिहिली. पहिलं, प्रात्यक्षिकात उमेदवाराने संघाला खेळतं केलं. दुसरं, वीस गुणांच्या रकान्यात उमेदवाराला शून्य मिळालं, ते उपप्राचार्यांनी एक कागद चुकीच्या कप्प्यात ठेवल्यामुळे आणि दुसरा कप्पा न बघता मूळ प्रत मागितल्यामुळे.

प्राचार्यांनी वाचलं. "मॅडम, दुसरं नको. वही कायम राहते. पुढे कोणीतरी वाचेल."

"म्हणूनच लिहिलंय," मी म्हटलं, आणि सही केली. या वेळी शाईने.

कौस्तुभ सरांना मी स्वतः फोन करून सांगितलं. ते निराश झाले, पण आपली ती बाणांची आणि वर्तुळांची फाइल त्यांनी शाहीनला पाठवून दिली. तिने त्यातलं बरंच वापरलं. सज्जन माणूस. त्यांना कमी लेखून ही गोष्ट सांगता आली असती, पण ती खोटी झाली असती.

आणि एक खंत आहे, ती राहणारच. शाहीन विद्यापीठाकडून खेळली असती का? भोसले सर म्हणतात, नक्की. शाहीन म्हणते, काय माहीत. त्या चाचणीची दुसरी प्रत निघत नाही. मी तिला नोकरी दिली असं कधीच म्हणत नाही. ती तिने अर्ध्या तासात मिळवली. मी फक्त तिच्या वाटेतून, सात वर्षं उशिरा, बाजूला झाले.

त्या वर्षी एंट्री वेळेत गेली. संघ पहिल्याच सामन्यात हरला. किती गुणांनी ते सांगत नाही, कारण वैष्णवी हा अंक वाचेल. पण सातही जणी खेळून परत आल्या, आणि पुढच्या सोमवारी सरावाला नऊ जणी होत्या.

मी त्यानंतरच्या मे महिन्यात निवृत्त झाले. कपाट रिकामं करून किल्ली दिली, यादी करून. सोबत एकच कागद आणला, आणि म च्या कप्प्यात त्या जागी चिठ्ठी ठेवली: 'मूळ प्रत माझ्याकडे आहे', खाली सही आणि घरचा पत्ता. तो कागद माझ्या टेबलाच्या वरच्या खणात आहे. तुम्ही नाताळच्या सुट्टीत याल तेव्हा दाखवीन, हात स्वच्छ धुऊन आलात तर.

गेल्या आठवड्यात, हे लिहायला घेण्यापूर्वी, मी कॉलेजात जाऊन आले, म्हणजे चुकीचं काही लिहिलं जायला नको. संघात आता चौदा मुली आहेत. कोष्टकही अजून वापरतात, फक्त त्यात 'खेळाडूंचं मत' हा एक रकाना वाढलाय. शाहीनच्या फाइलीत पहिल्या पाकिटात ती झेरॉक्स आहे. रफिकभाईंना आता स्टुलावर चढवत नाही. ते खाली खुर्चीवर बसून सांगतात आणि शाहीन दाभण चालवते. दोन्ही खांबांना गादी आहे, कापड यंदा नवीन घातलंय, आतला कापूस पहिलाच आहे.

तुमची,
आजी